बिकिनीवर वारा पूर्वेकडून, मग ब्राव्होची राख पूर्वेलाच कशी गेली?

उलटवारा (प्रश्न)

अमेरिकेच्या कॅसल ब्राव्हो या हायड्रोजन बाँबच्या चाचणीबद्दल (१ मार्च १९५४, मार्शल बेटांतलं बिकिनी, १५ मेगाटन) कुठेही वाचा, "ऐन वेळी वारा फिरला" या वाक्यावर विषय संपतो. मला ते पटत नाही. मार्शल बेटं साधारण ११ अंश उत्तरेला, म्हणजे ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात. मार्चमध्ये तिथे खालचा वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि तो सहजासहजी फिरत नाही. जिथे राख पडली ते राँगेलाप बेट मात्र बिकिनीच्या पूर्वेला आहे, सुमारे १८० किमीवर. म्हणजे राख वाऱ्याच्या तोंडावर चालत गेली का?

दुसरा प्रश्न नेवाडाचा. २५ एप्रिल १९५३ च्या 'सायमन' या अणुस्फोटानंतर दीड दिवसाने न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय आणि ऑल्बनी इथे पाऊस पडला आणि तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेतले गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारी यंत्रं) वाजू लागले. अंतर ३७०० किमी. मधला एवढा मुलूख सोडून राख नेमकी तिथेच का उतरली?

आणि हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये ढोबळमानाने करता येतो का? कुठल्या गोष्टी धरायच्या, कुठल्या सोडल्या तर चालतील?

वातमापक

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: व्यापारी वारे खालच्या काही किलोमीटरपुरतेच असतात. त्याच्या वर, हिवाळ्याच्या शेवटी, त्याच जागेवर पश्चिमेकडून येणारे वारे असू शकतात. ब्राव्होचा ढग दहा मिनिटांच्या आत ४० किमी उंचीवर पोचला होता. इतक्या उंच ढगातला कण खाली येताना आधी वरच्या थरांतून जातो आणि खालच्या व्यापारी वाऱ्याच्या हाती शेवटच्या तास-दीड तासापुरताच लागतो. तोवर तो पूर्वेला बराच लांब गेलेला असतो.

स्फोटाच्या आदल्या मध्यरात्रीच्या हवामान बैठकीत ३ ते ७.५ किमी उंचीवरचे वारे बिघडत चालल्याचं दिसलं होतं. सुमारे ६ किमीवरचा वारा सरळ राँगेलापच्या दिशेने होता. तरी स्फोट ठरल्या वेळी झाला. त्यामुळे "वारा फिरला" हे अर्धसत्य आहे. फिरत होता तो मधला थर, आणि ते आधी कळलेलं होतं.

आता हिशेब. हवामान-फुग्याच्या निरीक्षणातून प्रत्येक थराचा वारा घ्यायचा. कण त्या थरातून पडायला जितका वेळ घेतो (थराची जाडी भागिले पडण्याचा वेग) त्या वेळाला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की त्या थरातलं सरकणं मिळतं. सगळ्या थरांची सरकणी दिशेसकट एकापुढे एक जोडायची. कागदावर बाण जोडत हेच करत असत आणि चाचणीच्या ठिकाणचे हवामानतज्ज्ञ दर काही तासांनी ते चित्र नव्याने काढत.

कल्पित आकडे घेऊन दाखवतो. ९ किमीची उंची, ३ किमीचे तीन थर. खालचा वारा दक्षिणेकडून ५ मीटर प्रतिसेकंद, मधला पश्चिमेकडून १०, वरचा पश्चिमेकडून २०. कण १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पडण्याचा वेग ०.५५ मीटर प्रतिसेकंद. प्रत्येक थराला ५४५० सेकंद, म्हणजे दीड तास. वरच्या थरात तो पूर्वेला १०९ किमी जातो, मधल्या थरात आणखी ५५, खालच्या थरात उत्तरेला २७. साडेचार तासांनी तो १६४ किमी पूर्वेला आणि २७ किमी उत्तरेला जमिनीवर. त्याच आकाराचा पण फक्त ३ किमीवरून निघालेला कण सरळ उत्तरेला २७ किमीवर पडतो. म्हणजे एकाच ढगाच्या बुंध्याची राख उत्तरेला आणि टोपीची पूर्वेला.

आता ९ किमीवरूनच ५० मायक्रॉनचा कण सोडा. वेग ०.१९, प्रत्येक थराला ४.४ तास. सगळी सरकणी २.९ पट होतात: पूर्वेला ४७५ किमी, उत्तरेला ७९. दिशा तीच, अंतर तिप्पट. एका उंचीवरून निघालेले सगळे आकार एकाच रेषेवर पडतात. रेषेची दिशा उंची ठरवते आणि रेषेवरची जागा कणाचा आकार. हे एकदा डोक्यात बसलं की फॉलआउटचे (ढगातून खाली पडणाऱ्या किरणोत्सारी राखेचे) नकाशे वाचता येतात. थराथरांतला दिशेचा फरक कमी असेल तर पट्टा लांब, अरुंद आणि तीव्र होतो. जास्त असेल तर पंखा उघडतो आणि माल पातळ पसरतो.

कणाद_न

वातमापक यांच्या हिशेबात पडण्याचा वेग हा सगळ्यात नाजूक आकडा आहे, म्हणून थोडी भर.

स्टोक्सच्या सूत्राने वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. घनता पाण्याच्या २.५ पट धरली तर ५० मायक्रॉनला सुमारे ०.१९, १० मायक्रॉनला ०.००७६ मीटर प्रतिसेकंद. १०० मायक्रॉनला हेच सूत्र ०.७६ देतं, पण तो आकडा जास्त आहे. तिथे हवेचा अडथळा सूत्रापेक्षा वाढलेला असतो आणि प्रत्यक्षात ०.५ ते ०.६ धरावा लागतो. २०० मायक्रॉनला तर स्टोक्स दुपटीपेक्षा जास्त चुकवतो. स्प्रेडशीट करणारे बहुतेक लोक इथेच फसतात: मोठे कण लवकर पाडून टाकतात आणि पट्टा खऱ्यापेक्षा आखूड येतो.

१२ किमीवरून १०० मायक्रॉनला खाली यायला सहा तास, ५० ला साडेसतरा तास, १० मायक्रॉनला अठरा दिवस. एका मायक्रॉनचा कण दिवसाला साडेसहा मीटर पडतो, म्हणजे व्यवहारात पडतच नाही. साधारण ५० मायक्रॉनच्या वरचे कण पहिल्या दिवसात उतरतात, त्यांना स्थानिक फॉलआउट म्हणायचं. त्याहून लहान कण तपांबरात (ढग-पाऊस असतात त्या खालच्या थरात) दिवस-आठवडे फिरतात. स्थितांबरात (त्याच्या वरच्या थरात) गेलेले महिने ते वर्षं.

मोठे कण मुळात येतात कुठून, हा पुढचा मुद्दा. आगीचा गोळा जमिनीला टेकला तरच. ढोबळ नियम असा की स्फोटाची उंची ५५ मीटर गुणिले (किलोटनचा ०.४ वा घात) यापेक्षा जास्त असेल तर स्थानिक फॉलआउट नगण्य. १५ किलोटनला हे १६० मीटर येतं. हिरोशिमाचा स्फोट सुमारे ६०० मीटरवर होता, म्हणून तिथे बिकिनीसारखी राखेची चादर पडली नाही. काळा पाऊस पडला, पण ती यंत्रणा वेगळी. सायमन ४३ किलोटनचा, त्याला सुमारे २५० मीटर हवे होते, आणि तो होता ९१ मीटरच्या मनोऱ्यावर. मनोऱ्याचं पोलाद आणि खालची माती दोन्ही ढगात गेली. ब्राव्हो तर प्रवाळावरच फोडला होता. प्रवाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भाजून त्याचा चुना झाला आणि तोच राँगेलापवर पांढऱ्या भुकटीसारखा पडला. 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेच्या डेकवरही तीच भुकटी. तिच्यावरचे २३ खलाशी जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होते.

वेळेचा हिशेबही जोडा. मिश्र विखंडनद्रव्याची (अणू फुटून उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांची) तीव्रता काळाच्या -१.२ घाताने उतरते, म्हणजे वेळ सातपट झाली की तीव्रता दशांश. राँगेलापवर राख चार ते सहा तासांत पोचली, आणखी पूर्वेच्या उतिरिक बेटावर सुमारे २२ तासांनी. दोन्हीकडे सारखीच राख पडली असं समजलं तरी पोचण्याच्या क्षणी उतिरिकची तीव्रता राँगेलापच्या साधारण एकषष्ठांश भरते. प्रत्यक्षात राखही कमी पडली. म्हणून "किती किमी दूर" यापेक्षा "किती तासांनी" हे आधी काढावं.

एक बारकावा, जो सहसा सुटतो. मोठ्या कणांत झिर्कोनियम, सेरियमसारखी लवकर घट्ट होणारी द्रव्यं अडकतात. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे पूर्वज झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू असल्यामुळे ती उशिरा तयार होतात. तोवर मोठे कण ढगातून निसटू लागलेले असतात, मग ती लहान कणांच्या पृष्ठभागावर बसतात. त्यामुळे लांब पोचणाऱ्या धुळीत ही दोन तुलनेने जास्त सापडतात.

ढगफुटी

ट्रॉयचं बघू. सायमनचा ढग सुमारे १३ किमीवर गेला, म्हणजे वेगवान पश्चिमी झोताच्या पातळीत. ३७०० किमी भागिले ३६ तास म्हणजे ताशी १०३ किमी, सेकंदाला २९ मीटर. त्या उंचीवर हा वेग अगदी सामान्य आहे. मोठे कण नेवाडा-युटातच पडून गेले होते; ट्रॉयला पोचले ते असे बारीक कण जे वजनाने उतरायला कित्येक आठवडे लागले असते. म्हणजे वाटेत काहीच पडलं नाही असं नव्हे, पण ढगाचा माल एकदम खाली आणेल असं काही त्याला वाटेत भेटलं नाही. ऑल्बनीवर गडगडाटी वादळ भेटलं. अशा वादळाचा माथा १०-१२ किमीच्या पलीकडे जातो, म्हणजे ते थेट अणुढगाच्या उंचीवर तोंड उघडतं.

पाऊस कण दोन प्रकारे खाली आणतो आणि त्यांची गल्लत करू नये. ढगाच्या आत, जिथे बाष्प कणावर जमतं किंवा कण थेंबात सामावला जातो, तिथे सफाई जोरात होते. ढगाखाली मात्र पडता थेंब वाटेतले कण टिपत जातो, ते काम बरंच हळू. मध्यम पावसात मॉडेलमध्ये सहसा दर सेकंदाला एक दशसहस्रांश भाग धुतला जातो असं धरतात, म्हणजे तासाभरात तीसेक टक्के. त्यातही ०.१ ते १ मायक्रॉनचे कण पडत्या थेंबाला चकवतात: धडकेने पकडायला फार हलके, आणि रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत थेंबावर जाऊन चिकटायला फार जड.

म्हणून पाऊस लागला की पहिला प्रश्न "पाऊस किती?" नसून "पावसाचा माथा कुठे आणि धुळीचा थर कुठे?" हा असतो. धूळ १२ किमीवर आणि खाली ४ किमी जाडीच्या ढगातून झिमझिम, तर दिवसभर भिजूनही जमिनीवर काही येत नाही. उलट अर्ध्या तासाचं गडगडाटी वादळ एका तालुक्याएवढ्या पट्ट्यात ठिपका उमटवून जातं. नेवाडाच्या आयोडीन-१३१ चा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला नकाशा बघा. सगळ्यात जास्त मात्रेच्या परगण्यांत मॉन्टानातलं मेघर आणि आयडाहोतली कस्टर, जेम, ब्लेन, लेमही ही नावं आहेत. नेवाडापासूनच्या अंतराच्या क्रमाने लावली तर ही यादी येत नाही; ढगाची वाट, त्या दिवशीचा पाऊस आणि गायी कुठे चरत होत्या, हे तिन्ही लागतं. आयोडीनचा अर्धायुकाल ८ दिवस, त्यामुळे गवत ते गाय ते दूध ही साखळी आठवड्याभरात पुरी झाली तरच ते पेल्यात उतरतं.

उलटवारा, तुमच्या स्प्रेडशीटमध्ये पाऊस घालू नका. वारा आणि आकार यांपुरतीच ती ठेवा. पावसाचं गणित एका ओळीत बसवायला गेलात तर उत्तर दहापट इकडे-तिकडे जाईल आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

उलटवारा

तिघांचे आभार. पावसाचा माथा विरुद्ध धुळीची उंची, हे कुठल्याच लेखात सापडलं नव्हतं.

मग मेगाटनी स्फोटांचं काय? त्यांचा ढग तर सगळ्याच पावसाच्या वर जातो. आणि ओघाने: चीनच्या लोप नोरच्या चाचण्या भारताच्या इतक्या जवळ, त्यांची धूळ हिमालय ओलांडून आपल्याकडे यायची का?

वातमापक

लोप नोर साधारण ४१ अंश उत्तरेला, पश्चिमी वाऱ्यांच्या ऐन पट्ट्यात. तिथला ढग पूर्वेला जातो: कोरिया, जपान, प्रशांत महासागर, अमेरिका. २६ सप्टेंबर १९७६ च्या चाचणीची धूळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या पावसातून उतरली आणि तिथल्या दुधात आयोडीन-१३१ सापडलं. भारतात ती धूळ मुख्यतः पृथ्वीप्रदक्षिणा करून, दोन-तीन आठवड्यांनी, पश्चिमेकडून येणार. नकाशावर शेजारी असलेला देश वाऱ्याच्या हिशेबात शेवटचा ठरतो तो असा.

मेगाटनी ढगाची गोष्ट वेगळी. विषुववृत्तापाशी तपांबराचा माथा १६-१८ किमी, ध्रुवाकडे ८-१० किमी. त्याच्या वर गेलेली बारीक धूळ पावसाच्या हाती लागत नाही. स्थितांबरातली हवा उष्ण कटिबंधात वर चढते, हळूहळू ध्रुवांकडे सरकते आणि मध्य अक्षांशांत खाली झिरपते, मुख्यतः हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात. १९५८ च्या अमेरिकेच्या हार्डटॅक चाचणी-मालिकेतल्या काही स्फोटांत टंगस्टन-१८५ तयार झालं होतं आणि तेवढंच शोधत गेल्यामुळे ही वाट प्रत्यक्ष मापता आली. स्ट्रॉन्शियम-९० चं पडणं उत्तर गोलार्धात ४०-५० अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त होतं आणि त्याने कळस गाठला १९६३ मध्ये, म्हणजे १९६१-६२ च्या मोठ्या चाचण्यांनंतर. अंशतः चाचणीबंदी करार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला.

मुंबई १९ अंशांवर, त्यामुळे त्या पट्ट्याच्या बरीच दक्षिणेला. शिवाय पावसाळ्यात इथल्या हवेतलं प्रमाण दोन कारणांनी खाली येतं: पाऊस हवा धुतो, आणि नैऋत्य मोसमी वारे विषुववृत्तापलीकडची, दक्षिण गोलार्धातली समुद्री हवा आणतात, जिथे चाचण्याच कमी झाल्या.

बिकिनीच्या कोड्याचं घरचं उदाहरण हवं असेल तर जुलैतला कोणताही दिवस घ्या. खाली सहाएक किमीपर्यंत पश्चिमेकडून मोसमी वारा, वर १४-१६ किमीवर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत. मुंबई किंवा गोव्याच्या फुग्याच्या निरीक्षणाचे बाण जोडले तर साखळी स्वतःवरच उलटी वळते: वरून निघालेला कण आधी अरबी समुद्राकडे जातो आणि मग किनाऱ्याकडे परततो.

कणाद_न

पोखरणचा उल्लेख कोणी तरी करणारच, म्हणून आधीच सांगतो. १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या जमिनीखालच्या, तिथे हा हिशेब लागू होत नाही. तरी ११ मे १९९८ रोजी वारा पडायची वाट पाहून दुपारी पावणेचारला स्फोट केले, कारण गळती झालीच तर ती कुठे जाईल हे हातात असावं लागतं. ही भीती पुस्तकी नाही. १८ डिसेंबर १९७० ला नेवाडात 'बेनबेरी' हा १० किलोटनचा भूमिगत स्फोट सुमारे २७० मीटर खोल पुरला होता. नेहमीचा नियम १२२ मीटर गुणिले किलोटनचं घनमूळ, म्हणजे २६० मीटर. खोली नियमात बसत होती. पण खालच्या चिकणमातीत पाणी जास्त निघालं, तीनेक मिनिटांनी जमिनीला भेग पडली आणि धूळ सुमारे ३ किमी वर गेली.

वातमापक

स्प्रेडशीटसाठी काही सूचना, म्हणजे पहिल्याच फेरीत वैताग येणार नाही.

वाऱ्याची दिशा ही वारा *जिकडून* येतो ती असते. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून, कण जाणार पूर्वेला. पूर्वेकडचं सरकणं काढताना साइनच्या आधी उणे चिन्ह, उत्तरेकडचं काढताना कोसाइनच्या आधी उणे. जुन्या नोंदी नॉटमध्ये आणि फुटांत आहेत: एक नॉट ०.५१ मीटर प्रतिसेकंद, १०००० फूट ३.०५ किमी. थर दीड किमीपेक्षा जाड घेऊ नका. वर उदाहरणात ३ किमी घेतले ते फक्त दाखवायला.

स्फोटाच्या क्षणाचा एकच फुगा पुरत नाही. ५० मायक्रॉनचा कण सतरा तास हवेत आहे, तर त्याला संध्याकाळचे वारे लागतात, आणि तेही ३०० किमी पुढच्या जागेचे. १९५४ मध्ये प्रशांतात निरीक्षणकेंद्रं मोजकी होती, त्यामुळे तिथले पुढचे वारे 'एरा-५' या पुनर्विश्लेषणातून (जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा काढलेल्या हवामानातून) घ्या. ते १९४० पासून उपलब्ध आहे. त्याच आकड्यांवर 'हायस्प्लिट' हा धुळीची वाट काढणारा प्रोग्राम चालवणार असाल तर कणाचा व्यास, घनता आणि आकार-गुणक भरायला विसरू नका. ते शून्य राहिले तर प्रोग्राम कण पाडतच नाही, वायूसारखा वाऱ्यावर सोडून देतो, आणि ब्राव्होची राख राँगेलाप टाळून निघून गेल्यासारखी दिसते.

उगम एक बिंदू धरू नका. ब्राव्होचा ढग दहा मिनिटांत सुमारे १०० किमी रुंद झाला होता. बिंदूवरून काढलेल्या पट्ट्याला दोन्ही बाजू मिळून तेवढी रुंदी द्यावी लागते. पन्नासेक किमीवर थांबलेल्या चाचणी ताफ्यातल्या जहाजांवरही राख पडली आणि खलाशांना डेकखाली जावं लागलं, ते त्यामुळेच. निदान पाच उंच्या आणि चार आकार घ्या, वीस कण होतात. बुंध्यापेक्षा टोपीतल्या कणांना बरंच जास्त वजन द्या.

पडताळ्यासाठी तीन वेळा हाताशी आहेत: राँगेलाप चार-सहा तास, राँगेलापच्या शेजारचं राँगेरिक सुमारे सात, उतिरिक सुमारे बावीस. राँगेलापचा सरासरी वेग ताशी ३६ किमी येतो, सेकंदाला दहा मीटर. तुमचा १०० ते १५० मायक्रॉनचा कण तिथे साधारण त्या वेळेत उतरला तर वारे बरोबर वाचलेत. उतिरिक जुळवायला मात्र त्याहून बारीक कण लागतील, ५० च्या आसपासचे.